आजोबा फाउंटनला होते, पण पोलिसांच्या बाजूला

कंदील | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४२

येत्या शुक्रवारी २१ नोव्हेंबर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या, १९५५ च्या फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला सत्तर वर्षं होतील. दरवर्षी या सुमारास इथे एखादा धागा निघतो, कुणाचे आजोबा मोर्चात होते, कुणाच्या आजीने लाटणं घेऊन घोषणा दिल्या, वगैरे. मी वाचतो आणि गप्प बसतो. कारण माझे आजोबाही तिथे होते. निळी चड्डी, पिवळी टोपी, हातात बंदूक.

आजोबा १९५२ साली मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागले. गाव साताऱ्याकडचं. राहायला नायगावची बीडीडी चाळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीडीडीत काही खोल्या पोलिसांना आणि बाकीच्या गिरणी कामगार, सफाई कामगार, गोदीवाले अशा सगळ्यांना. १६० चौरस फुटांची खोली, संडास बाहेर सामाईक. म्हणजे ज्या माणसावर सकाळी काठी उगारायची तो संध्याकाळी त्याच नळावर बादली घेऊन पुढे उभा.

आजोबा १९९८ ला गेले. या विषयावर आयुष्यात एकच वाक्य बोलले, तेही मी कॉलेजात असताना. मी काहीतरी ऐटीत म्हणालो होतो हुतात्म्यांबद्दल. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "संध्याकाळी पुंगळ्या मोजून द्याव्या लागल्या." (पुंगळ्या म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं.) पुढे काही नाही. मी विचारलंही नाही, आता त्याचंच वाईट वाटतं.

तर प्रश्न असा. तुमच्याकडे कुणाच्या घरात ही बाजू आहे का? आणि दुसरं म्हणजे, शुक्रवारी हुतात्मा चौकात जावंसं वाटतंय. जावं का?

---

चहाबिस्किट | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५८

पहिला मी! चौक सार्वजनिक आहे, जा की. आजोबा काय करत होते याचा दाखला कुणी मागत नाही तिथे.

---

शेवटची लोकल | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

छान लिहिलंय. पुंगळ्यांचं वाक्य डोक्यातून जाईना.

---

दस्तऐवज | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३७

धागा भरकटण्याआधी थोडी पार्श्वभूमी टाकतो, कारण दरवर्षी तीच गल्लत होते.

राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर सादर झाला. त्यात मुंबईसह गुजराती-मराठी द्विभाषिक राज्य आणि वेगळा विदर्भ. महाराष्ट्रात ओरड झाली, मग काँग्रेस श्रेष्ठींनी तीन राज्यांचा तोडगा काढला: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई वेगळी. म्हणजे आगीतून फुफाट्यात. २० नोव्हेंबरला, रविवारी, चौपाटीवर मुंबई काँग्रेसचे स. का. पाटील आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांची सभा. दोघांनी मिळून मुंबई महाराष्ट्राला कधीच मिळणार नाही अशा अर्थाचं जे काही सांगितलं त्यावर सभा उधळली, दगड-चपला आल्या. दुसऱ्या दिवशी सोमवारी हरताळ आणि विधानसभेवर मोर्चा. फाउंटनपाशी तो अडवला. लाठी, अश्रुधूर, मग गोळीबार. त्या एका दिवशी १५ जण गेले.

१०५-१०६-१०७ हा आकडा *सगळ्या लढ्याचा* आहे. फाउंटनला एका दिवशी शंभर माणसं गेली असं समजू नका. सर्वात जास्त बळी जानेवारी १९५६ मध्ये गेले. १६ जानेवारीला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करणार असं जाहीर केलं आणि आठवडाभर शहर पेटलं. यादीत मुंबईबाहेरचीही नावं आहेत.

---

चहाबिस्किट | १८ नोव्हेंबर, रात्री ११:४४

दस्तऐवजकाका, तुमचं उत्तर येणार म्हणून आधीच नंबर लावला होता. :) पण खरं सांगा, १०५ की १०६ की १०७? शाळेत १०५ घोकले, भाषणांत १०६ ऐकले, आता १०७ म्हणतात.

---

दस्तऐवज | १८ नोव्हेंबर, रात्री ११:५१

आधी १०५ म्हणत, पुढे यादीत भर पडत गेली. जखमी होऊन नंतर गेलेल्याला कधीपर्यंत मोजायचं, हा तिढा कुठल्याही यादीत असतोच. चौकात नावांची यादी आहे, स्वतः जाऊन मोजा.

---

गिरणगावची पोर | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

रात्री वाचलं, झोप लागली नाही, म्हणून आता लिहिते. जरा तिखट वाटलं तर वाटू द्या.

आम्ही लालबागचे. माझे पणजोबा आणि आजोबा दोघेही गिरणीत. आजोबा साचेखात्यात. जानेवारी ५६ च्या त्या आठवड्यातलं आजी सांगायची ते असं: संचारबंदी, दूध नाही, मुलांना गॅलरीत सोडायचं नाही, रात्री गाद्या दाराला लावून झोपायचं. गोळी लाकडातून आरपार येते, कापसात अडकेल अशी समजूत. आमच्या मजल्यावरच्या कठड्याला एक भोक होतं. लहानपणी आम्ही त्यात बोट घालून खेळायचो. ते काय होतं हे मला चौदाव्या वर्षी कळलं.

त्या दिवसांत गोळ्या नुसत्या मोर्च्यांवर झाडल्या नाहीत. गल्ल्यांत, चाळींच्या तोंडाशी झाडल्या. ज्यांचा मोर्च्याशी काही संबंध नाही अशी पोरं गेली. यादीत वयं बघा.

त्यामुळे कंदील, तुमच्या आजोबांना बोलता आलं नाही याचं मला वाईट वाटतं, खोटं सांगत नाही. पण "दोन्ही बाजू" असं काही म्हणायला लागलो की माझं डोकं सणकतं. एका बाजूला बंदूक होती.

---

शेवटची लोकल | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:०३

+१. शेवटचं वाक्य.

---

कंदील | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

ताई, मी दोन्ही बाजू सारख्या आहेत असं कुठे म्हटलंय? मी फक्त विचारलं की दुसऱ्या बाजूला कुणाचं माणूस होतं का. पण तुमचं कठड्याचं भोक वाचून गप्प झालो. तिखट वाटलं नाही.

---

वऱ्हाडी ठेचा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:३२

आमच्याकडे २१ नोव्हेंबरला काहीच नसते बाप्पा. आयोगानं तर आमचं राज्यच वेगळं सांगितलं होतं, नागपूर राजधानी होती ती गेली, आणि तुम्ही मुंबईसाठी जीव दिला म्हणून आम्ही टाळ्या वाजवायच्या?

हां पण दोन दिवस थांबा. २३ नोव्हेंबर आमचा. १९९४. हिवाळी अधिवेशन चालू, गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर, आम्हाला आदिवासी म्हणून मान्यता द्या एवढी मागणी. निवेदन घ्यायला कुणी येईना, तास न् तास उभे. पोलिसांनी लाठी चालवली अन् चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. गोळी एक नाही चालली. बाया अन् लेकरं जास्त. तिथे आता स्मारक आहे, उड्डाणपुलाला नाव आहे. माझा मोठा भाऊ तेव्हा सीताबर्डीत दुकानात कामाला होता. तो सांगतो, संध्याकाळी रस्त्यावर चपला किती होत्या ते. ढीग. तो अजून त्या रस्त्यानं जाताना चपलांबद्दलच बोलतो, माणसांबद्दल नाही.

मुंबईच्या चौकाचं सगळ्यांना पाठ आहे, गोवारी किती जणांना माहीत? हात वर करा.

---

शेवटची लोकल | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

हात खाली. आकडा माहीत नव्हता. लाज वाटली.

---

दस्तऐवज | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

ठेचाजी, मुद्दा मान्य. दोन्हीत एक गोष्ट सारखी दिसते: मोर्चा विधानसभेवर निघालेला आणि तिथे पोचू दिलेला नाही.

त्यावरून एक गंमत (गंमत म्हणावी का?). १९५५ साली मुंबईची विधानसभा कुठे भरायची माहीत आहे का? रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये. मूळचं खलाशांचं वसतिगृह. नरिमन पॉइंटचं विधानभवन झाल्यावर ती इमारत कुणाला मिळाली? महाराष्ट्र पोलीस मुख्यालयाला. म्हणजे फाउंटनहून ज्या इमारतीकडे ते लोक निघाले होते, तिथे आज पोलीस महासंचालक बसतात. अंतर चालत पंधरा मिनिटं.

---

चहाबिस्किट | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

काका, हे मात्र भारी. मी त्या रस्त्याने रोज जातो आणि मला फक्त वडापाव दिसतो.

---

मणिनगरची मराठी | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:४६

मी अहमदाबादेत वाढले, वडील तिथे बँकेत होते. शाळेत असताना मैत्रिणीच्या आजीकडून दुसरीच गोष्ट ऐकली आणि चक्रावले. ८ ऑगस्ट १९५६. संसदेने मुंबई, गुजरात, महाराष्ट्र, सगळ्यांचं मिळून महाद्विभाषिक ठरवलं, त्याविरुद्ध विद्यार्थी भद्रला काँग्रेस हाउसवर गेले, तिथे गोळीबार झाला, पोरं मेली. त्यातून इंदुलाल याज्ञिकांच्या पुढारीपणाखाली महागुजरातचा लढा उभा राहिला. पुढे त्या जागी हुतात्म्यांची खांभी (स्मृतिस्तंभ) बसवण्यावरून १९५८ ला वेगळा सत्याग्रह झाला.

आणि सरकार कुणाचं? तेच. मोरारजीभाईंचं. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होतं ना! ते समजूत घालायला तिथे गेले तर लोकांनी जनता कर्फ्यू पाळला, रस्ते ओस, मग त्यांनी उपास केला.

सांगायचं कारण, मुंबईत आमच्या नात्यातले लोक अजून "गुजरात्यांनी गोळ्या घातल्या" असं बोलतात. एका सरकारने मराठी पोरांवरही घातल्या आणि नऊ महिन्यांत गुजराती पोरांवरही.

---

ठाम मत | १९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

उगाच सर्वधर्मसमभाव नको. भांडवल कुणाचं होतं, मुंबई कुणाला हवी होती, सगळ्यांना माहीत आहे. आजही तेच लोक ██████

---

व्यवस्थापक | १९ नोव्हेंबर, दुपारी १:५२

"ठाम मत" यांच्या प्रतिसादाचा काही भाग काढला आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या विषयावरून आजच्या शेजाऱ्यांना शिव्या देऊ नयेत. पुढच्या वेळी पूर्ण प्रतिसाद जाईल.

---

ठाम मत | १९ नोव्हेंबर, दुपारी १:५५

मुस्कटदाबी! हुतात्म्यांनी यासाठी…

---

चहाबिस्किट | १९ नोव्हेंबर, दुपारी १:५६

अश्रुधूर सोडा रे कुणीतरी.

---

गिरणगावची पोर | १९ नोव्हेंबर, दुपारी २:४०

मणिनगरताई, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आणि एक कबूल करते, आजीनेच सांगितलेलं. जानेवारीत आमच्या भागात गुजराती दुकानं फुटली, लुटली. आमच्या खालच्या किराणावाल्याचंही. तो गेला तो परत आला नाही. आजी म्हणायची, "त्याच्याकडे आमची उधारी होती, ती तशीच राहिली." हे ती फार हळू आवाजात सांगायची.

---

माजी जमादार | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

इथे लिहायचा सराव नाही, मुलीकडून टाइप करून घेतोय. चूकभूल द्यावी.

मी राज्य पोलीस दलातून २०११ ला निवृत्त झालो. १९५५ मी पाहिलेलं नाही. पण जमावासमोर उभं राहणं काय असतं ते पाहिलंय.

पुंगळ्यांचं सांगतो. बंदोबस्ताला निघताना शस्त्रागारातून काडतुसं मोजून मिळतात, सही करून. परत आल्यावर उरलेली काडतुसं आणि झाडलेल्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, दोन्ही मिळून आकडा जुळला पाहिजे. पुंगळी हरवली तर विचारणा होते, म्हणून गोळीबार थांबला की शिपाई जमिनीवर पुंगळ्या शोधतात. बाहेरच्याला वाटेल काय निर्दय माणसं, समोर लोक पडलेत आणि हे वाकून धातूचे तुकडे वेचतायत. त्यांना हिशोब द्यायचा असतो.

कंदील, तुमचे आजोबा "मोजून द्याव्या लागल्या" म्हणाले यावरून त्यांनी स्वतः झाडली असा अर्थ लगेच काढू नका. तुकडीचा हिशोब मिळूनही होतो. पण झाडली नाही असाही अर्थ निघत नाही. मी खोटा दिलासा देणार नाही.

आम्हाला शिकवत, हवेत गोळी मारायची नाही, ती दूर कुणा भलत्यालाच लागते. नेम कमरेखाली. पण समोर दगड येत असताना, अश्रुधुराने स्वतःचेच डोळे चुरचुरत असताना कंबर कुठे आणि छाती कुठे.

गिरणगावच्या ताईंना एवढंच म्हणतो, बंदूक एका बाजूला होती हे खरंच. पण ती ज्याच्या हातात होती त्याला ती कुणी दिली, त्याला कधी कुणी प्रश्न विचारला?

---

दस्तऐवज | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

जमादारसाहेब, लिहीत राहा, ही माहिती पुस्तकात मिळत नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: विचारला होता. चिंतामणराव देशमुखांनी. केंद्रात अर्थमंत्री होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मोर्चे-घोषणा यांच्याशी काडीचा संबंध नसलेला माणूस. जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला तेव्हा लोकसभेत मुंबईच्या प्रश्नाबरोबर हेही मांडलं की एवढ्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही. ती झालीच नाही. शिपायाने पुंगळी-पुंगळीचा हिशोब दिला, वरच्यांना कुणी हिशोब मागितला नाही.

---

गिरणगावची पोर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२२

जमादारकाका, "हुकूम होता" हे मला अर्धंच पटतं. हुकूम तर प्रत्येक वेळी असतोच. गल्लीत शिरून झाडायचा हुकूम होता का, गॅलरीकडे नेम धरायचा होता का? असेल तर तो लिहिलेला कुठे आहे? पण चौकशी झाली नाही हे वाचून माझा राग जरा सरकला. कुठे सरकला ते अजून कळत नाही. आणि काका, तुमच्या मुलीला सांगा टायपिंग छान आहे.

---

सीमेवरचा | २० नोव्हेंबर, सकाळी ६:५५

बेळगावहून नमस्कार. तुम्ही सगळे "आठवण" म्हणून बोलताय, बरं आहे तुमचं. आमच्याकडे १७ जानेवारीला हुतात्मा दिन असतो. १९५६ साली मुंबई पेटली तेव्हा इथेही गोळीबार झाला, इथेही माणसं गेली. मुंबई मिळाली, आम्ही राहिलो. १९८६ ला कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात परत गोळ्या, म्हणून १ जूनला हिंडलग्याला परत अभिवादन. आमच्या घरात दोन तारखा आहेत.

१९४६ ला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव साहित्य संमेलनात झाला, तो कुठल्या गावात? बेळगावात. जाऊ दे.

चौकात गेलात तर यादीतली आमच्याकडची नावं वाचा, एवढंच सांगणं. मुंबईचे लोक मुंबईचीच नावं वाचून परत येतात.

---

चहाबिस्किट | २० नोव्हेंबर, सकाळी ९:१०

यावर विनोद सुचत नाहीये. वाचतोय.

---

शेवटची लोकल | २० नोव्हेंबर, सकाळी ९:३३

माझ्या मुलाला (वय १९) काल विचारलं, हुतात्मा चौक म्हणजे काय? म्हणाला, "ते फाउंटनजवळ जुनी पुस्तकं मिळायची तिथे ना?" मग हातात मशाल घेतलेले दोघे कोण, म्हटलं. "कुठले दोघे?" रोज चर्चगेटला उतरतो हा मुलगा.

फ्लोराबाई १८६४ पासून उभ्या आहेत, त्यांनाच विचारायला हवं कुणी आधी दगड मारला.

---

कंदील | २० नोव्हेंबर, रात्री ११:१८

आज आत्याला फोन केला. ती ५५ साली पाच वर्षांची, आता पंच्याहत्तर. ठाण्याला असते. तिला सरळच विचारलं.

आधी म्हणाली, "कशाला उकरतोस?" मग अर्धा तास बोलली. त्या रात्री आजोबा उशिरा आले. आल्या आल्या टोपी पेटीखाली सरकवली. शेजारच्या खोलीत जे कुटुंब होतं त्यातला मोठा मुलगा मोर्चाला गेला होता आणि अजून आला नव्हता. त्याची आई दारात बसून. आजोबा तिच्यासमोरून आत गेले. तिने विचारलं, "भाऊ, आमचा दिसला का हो?" आजोबा म्हणाले, "नाही दिसला." तो मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी आला, डोक्याला पट्टी. जिवंत. पण त्या बाईने त्यानंतर आजोबांना भाऊ म्हटलं नाही. आजीला हळदीकुंकवाला बोलवायची, आजीकडे यायचीही. आजोबा घरात नाहीत असं बघून.

१९६० ला १ मेच्या बंदोबस्तावरून येताना आजोबा पेढे घेऊन आले आणि चाळीत वाटले. त्या दारातही गेले. तिने पेढा घेतला, मुलाच्या हातात दिला, स्वतः खाल्ला नाही. आत्याला हे स्पष्ट आठवतं कारण तो उरलेला अर्धा पेढा त्या मुलाने आत्याला दिला.

मी विचारलं, त्यांनी गोळी झाडली होती का? आत्या म्हणाली, "आईने कधी विचारलं नाही. मग मी कशी विचारणार?"

---

गिरणगावची पोर | २० नोव्हेंबर, रात्री ११:४०

उद्या किती वाजता जाताय? मी लालबागहून येते. आठच्या आत गेलं तर नेत्यांच्या गाड्या नसतात.

---

कंदील | २० नोव्हेंबर, रात्री ११:४४

साडेसात. काळा घोड्याच्या बाजूने येईन.

---

वऱ्हाडी ठेचा | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

माझ्यातर्फे एक फूल ठेवा. अन् २३ ला मी झिरो माइलला जातो, तुमच्यातर्फे ठेवतो. झाला हिशोब.

---

कंदील | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

जाऊन आलो. ताई आधीच आल्या होत्या, हातात झेंडूची पुडी. फार बोललो नाही. अडथळे लावलेले होते, बंदोबस्त होता. विशीतली एक पोलीस शिपाई उभी होती, पहाटे चारपासून. तिला विचारलं चहा आणू का, तर म्हणाली, "आणा, पण बिनसाखरेचा मिळाला तर बघा."

सीमेवरचा, तुमच्या सांगण्यावरून नावं वाचायला लागलो, आणि दस्तऐवजकाका, मोजायलाही. चाळीसच्या पुढे गेलो आणि मागून कुणीतरी फोटोसाठी बाजूला व्हायला सांगितलं. परत पहिल्यापासून सुरू केलं, तेवढ्यात हार घेऊन मोठी गर्दी आली आणि आम्हाला मागे सारलं.

---

दस्तऐवज | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:४१

म्हणजे किती भरले?

---

गिरणगावची पोर | २१ नोव्हेंबर, दुपारी १:०५

त्यांचे बासष्ट, माझे एकोणसत्तर. पुढच्या शनिवारी परत जाणार आहोत. दस्तऐवजकाका, तुम्ही पण या. चश्मा घेऊन या.